रंग, निशाण आणि निष्ठा : जयपूरचा पंचरंगा व मराठ्यांचा भगवा

जयपूरच्या जुन्या तटबंद शहराच्या नैर्ऋत्येस मानसरोवर नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. राजस्थान गृहनिर्माण मंडळाने ती वसवली. नाव हिमालयातील सरोवराचे, रस्ते सरळ आखलेले, आणि वस्ती ठिकठिकाणांहून आलेल्या माणसांची. ३ जून २०१५ रोजी येथून चांदपोलपर्यंत शहराची पहिली मेट्रो सुरू झाली, आणि २०२०मध्ये ती तटाच्या आत, बडी चौपडपर्यंत पोहोचली. या मार्गाचे नाव 'पिंक लाइन', म्हणजे गुलाबी मार्ग. ज्या वसाहतीत गुलाबी रंगाचा कोणताही आग्रह नाही, तेथे सुरू होणारा मार्ग गुलाबी म्हणवतो. कारण तो ज्या शहराकडे जातो त्याची ओळखच त्या रंगाने होते. एक रंग एका शहराचे नाव होऊन बसला, याहून रंगाच्या सामर्थ्याचा सोपा पुरावा मिळणार नाही. मात्र तो रंग शहराला कोणी दिला आणि कोणासाठी दिला, हा प्रश्न विचारताच गोष्ट रंगाची राहत नाही. ती निष्ठेची होते.

सवाई जयसिंहाने १७२७मध्ये जयपूरची स्थापना केली. त्या वेळी ते 'गुलाबी शहर' म्हणून ओळखले जात नव्हते. रूढ समजुतीप्रमाणे महाराजा रामसिंह (दुसरे) यांच्या काळात, १८७६ साली, इंग्लंडचे युवराज अल्बर्ट एडवर्ड यांच्या भेटीच्या निमित्ताने बाजारपेठांच्या दर्शनी भिंती या रंगाने एकसारख्या रंगविण्यात आल्या. मुळात हा रंग गुलाबाचा नसून गेरूचा, भाजक्या मातीचा आहे. त्याच भेटीत, ६ फेब्रुवारी १८७६ रोजी, युवराजांच्या हस्ते अल्बर्ट हॉलची पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी, १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीत लॉर्ड लिटनने भव्य दरबार भरवला आणि हिंदुस्थानातील संस्थानिकांना नव्याने आखलेली मानचिन्हे असलेले रेशमी ध्वज दिले. जी घराणी शतकानुशतके स्वतःची निशाणे मिरवीत होती, त्यांना त्यांची चिन्हे युरोपीय मानचिन्हशास्त्राच्या चौकटीत बसवून परत देण्यात आली. यजमानाने पाहुण्यासाठी शहर रंगवावे हे आतिथ्य होय. परंतु पाहुण्याने यजमानाला त्याचाच ध्वज बहाल करावा, ही सत्ता होय. या दोन घटना लागोपाठच्या वर्षांतील आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ध्वज देण्याचा हा व्यवहार इंग्रजांनी नव्याने शोधला नव्हता. मोगल राज्यव्यवस्थेत निशाण आणि नगारा हे मोठ्या मनसबदारांना बादशहाकडून मिळणारे मान होते. आपला झेंडा फडकवण्याचा अधिकार म्हणजे कोणाच्या तरी पदरी असण्याची खूण होती. जयपूरच्या कछवाह घराण्याचा सुप्रसिद्ध पंचरंगी ध्वज, 'पचरंगा', याची जन्मकथा या संदर्भात पाहावी लागते.

परंपरा असे सांगते की, आमेरच्या या घराण्याचे मूळ निशाण पांढरे होते आणि त्यावर कचनाराचे, म्हणजे आपल्याकडच्या कांचनाचे, हिरवे झाड होते. १५८५मध्ये मिर्झा हकीमच्या मृत्यूनंतर अकबराने मानसिंहाला काबुलाकडे धाडले. तेथील मोहिमेत त्याने पाच अफगाण टोळ्यांना नमवले आणि त्यांच्या पाच निशाणांचे रंग एकत्र करून घराण्याचा नवा ध्वज सिद्ध केला. लाल, पिवळा, पांढरा, हिरवा आणि पाचवा गडद, जो काही ठिकाणी निळा तर काही ठिकाणी काळा सांगितला जातो. ही कथा घराण्याच्या स्मृतीतून आलेली आहे. राजस्थानात पाच रंगांचा समूह एरवीही शुभ मानला जातो. पंचरंगी लहरियाचा फेटा उत्सवात बांधला जातो, आणि त्यासाठी कोणाला काबूल जिंकावे लागत नाही. तरीही कथेचे महत्त्व कमी होत नाही. पराभूतांची निशाणे जाळून टाकण्याऐवजी त्यांचे रंग आपल्या अंगावर घ्यावेत, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या तेच आपले म्हणून मिरवावेत, ही कल्पनाच विलक्षण आहे. त्या पाच टोळ्यांपैकी कोणाचा कोणता रंग होता हे जयपूरच्या सामान्य माणसाला ठाऊक नाही. विजय लक्षात राहिला. ज्यांच्यावर मिळवला ते विस्मृतीत गेले.

जुने झाड मात्र पुरते नाहीसे झाले नाही. ते ध्वजावरून उतरले आणि नाण्यांवर गेले. जयपूरच्या टाकसाळीची नाणी त्यावरील फांदीच्या चिन्हामुळे 'झाडशाही' म्हणून ओळखली जात. रणांगणावर पाच रंग आणि बाजारात झाड, अशी एका राज्याची दोन चिन्हे शेजारी शेजारी नांदली. ध्वज दुरून ओळखायचा असतो, म्हणून त्याला ठळक रंग लागतात. नाणे हातात घेऊन पाहायचे असते, तेथे आकृती चालते. या ध्वजाला आणखी एक जोड आहे. जयसिंहाला बादशहा औरंगजेबाने 'सवाई' म्हटले, म्हणजे इतरांहून पाव हिश्शाने अधिक, असे सांगितले जाते. त्याची खूण म्हणून जयपूरच्या राजवाड्यावर मोठ्या ध्वजावर एक छोटा, पाव आकाराचा ध्वज लावण्याची प्रथा पडली. अभिमान येथे अक्षरशः मापून दाखवला आहे. आणि ते माप ज्याने दिले, तो दिल्लीचा बादशहा होता.

याच घराण्यातील मिर्झाराजे जयसिंह १६६५ साली बादशाही फौजा घेऊन पुरंदराखाली उतरले, तेव्हा महाराष्ट्राची आणि आमेरची गाठ पडली. पुरंदरच्या तहाने तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. किल्ला देणे याचा दृश्य अर्थ त्यावरचे निशाण उतरणे आणि दुसरे चढणे हा होता. जुन्या मराठीत या वस्तूसाठी शब्द किती होते हे पाहिले, म्हणजे तिचे महत्त्व ध्यानात येते. निशाण, झेंडा, पताका, पटका हे शब्द आजही परिचित आहेत. पण 'ढाल' या शब्दाचा एक अर्थ सैन्याचा मोठा झेंडा असाही होता, हे आता बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. ही ढाल पुढे चालली की फौज चालत असे आणि ती रोवली की मुक्काम पडत असे. एका अर्थी ढाल अंगाचे रक्षण करी, दुसऱ्या अर्थी ती हजारो माणसांना दिशा दाखवी.

मराठ्यांच्या भगव्या झेंड्याचीही एक जन्मकथा आहे. शिवाजी महाराजांनी राज्य समर्थ रामदासांच्या झोळीत टाकले, समर्थांनी ते परत दिले आणि आपल्या छाटीचा झेंडा करून राज्य करण्यास सांगितले, असे ती सांगते. या प्रसंगाच्या ऐतिहासिकतेबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. परंतु ही कथा पचरंग्याच्या कथेशेजारी ठेवली, तर दोन्ही समाजांना आपल्या निशाणाबद्दल काय वाटत होते हे स्पष्ट होते. एका कथेत ध्वज शत्रूकडून जिंकून आणला आहे, दुसरीत तो संन्याशाकडून मिळालेला आहे. एकीत ध्वज मालकी सांगतो, दुसरीत तो मालकी सोडल्याचे सांगतो. वारकऱ्याच्या खांद्यावरची पताका याच रंगाची. तीही कोणत्या राजाची नव्हे. राजकीय सत्तेने लोकांच्या मनात आधीपासून रुजलेला विरक्तीचा रंग आपल्या शिरावर घेतला, हे भगव्याच्या दीर्घ प्रभावाचे एक कारण मानता येईल. पुढे राज्यविस्ताराबरोबर जरीपटका आला. भगवा त्यागाचा, तर जरीकामाचा पटका वैभवाचा आणि अधिकाराचा. ज्या सेनानायकाबरोबर जरीपटका, त्याच्या हुकमात बाकीच्यांनी चालायचे, असा त्याचा मान होता.

भगवा आणि राजपुतांचा केसरिया हे रंग डोळ्यांना जवळचे असले, तरी त्यांचे अर्थ वेगळे होते. राजपूत परंपरेत परतीची आशा उरली नाही की वीर केसरिया वस्त्रे धारण करून किल्ल्याचे दरवाजे उघडीत आणि अखेरच्या लढाईसाठी बाहेर पडत. चितोडच्या १३०३, १५३५ आणि १५६८ सालच्या साक्यांच्या स्मृतीशी हा रंग कायमचा जोडला गेला आहे. विवाहात शोभणारा केसरिया रंग मरणालाही सामोरा जाई. संन्याशाची भगवी छाटी जगण्यातून निवृत्त होते, तर केसरिया बाणा मृत्यूकडे धावत जातो. रंगाऱ्याच्या दृष्टीनेही हे दोन निरनिराळे रंग आहेत. भगवा हा गेरूचा, तांबड्या मातीचा रंग. ती माती कोठेही मिळते, तिला मोल पडत नाही, म्हणून ती बैराग्याला परवडते. केसरियाची जात मात्र केशर, कुसुंबा आणि पळसाच्या फुलांची. त्यातला कुसुंबा उन्हापाण्यात फार काळ टिकत नाही. मानसरोवरपासून जवळच सांगानेर आणि अजमेरच्या रस्त्यावर बगरू ही कापडछपाईची जुनी गावे आहेत. तेथील छिपा कारागिरांना लोखंडाच्या गंजापासून काळा आणि तुरटीच्या साह्याने लाल रंग कसा बसवावा हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांच्या लेखी रंगाची निष्ठा म्हणजे तो धुतल्यावर किती टिकतो, एवढाच प्रश्न असतो.

हेच बगरू मराठ्यांच्या इतिहासात वेगळ्या कारणाने आले आहे. १७४३ साली सवाई जयसिंहाच्या मृत्यूनंतर ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या दोन पुत्रांत गादीसाठी कलह माजला. मराठे सरदार या कलहात ओढले गेले, आणि त्यांचा पक्ष पैशाच्या करारानुसार बदलत गेला. १७४७ साली राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंह विजयी झाला. त्याचे स्मारक म्हणून त्याने उभारलेला उंच मनोरा, 'इसरलाट', त्रिपोलिया बाजारालगत आजही उभा आहे. मानसरोवरहून येणारी गाडी छोटी चौपड ओलांडून बडी चौपडकडे जाते, ती त्याच परिसरातून, जमिनीखालून. पण पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७४८मध्ये, बगरू येथे मल्हारराव होळकरांनी माधोसिंहाच्या बाजूने ईश्वरीसिंहाला नमवले. कबूल केलेला पैसा वसूल करण्यासाठी होळकर १७५०च्या अखेरीस पुन्हा जयपूरवर आले, तेव्हा ईश्वरीसिंहाने विष घेऊन आणि सर्पदंश करवून प्राण दिला. मनोरा उभा राहिला, तो उभारणारा गेला.

माधोसिंह गादीवर आला. मराठ्यांचे काम झाले होते, वसुली मात्र संपली नव्हती. जयाप्पा शिंदेही येऊन पोहोचले होते. १० जानेवारी १७५१ रोजी मराठ्यांच्या छावणीतील काही हजार माणसे नव्याने वसलेले देखणे शहर पाहावे, देवदर्शन घ्यावे, बाजारात खरेदी करावी म्हणून तटाच्या आत गेली. मध्यान्हीच्या सुमारास शहर त्यांच्यावर उठले. दरवाजे बंद झाले आणि रात्रीपर्यंत कत्तल चालली. हजारो माणसे मारली गेली. काहींनी तटावरून उड्या टाकल्या आणि हातपाय मोडून घेतले. त्या दिवशी या माणसांच्या हाती झेंडे नव्हते. ती लढायला आली नव्हती. त्यांची बोली, त्यांचा पेहराव, त्यांचे पागोटे हेच त्यांचे निशाण ठरले. निष्ठेची खूण खांद्यावर घेतली असेल, तर ती खाली ठेवता येते. ती अंगालाच चिकटली, की माणसाला सुटका राहत नाही. आणि हेही विसरता येत नाही की, शहराचा हा संताप वसुलीच्या वर्षांनी पोसला होता. छाटीचा झेंडा म्हणून ज्याची कथा महाराष्ट्रात सांगितली जात होती, तो राजपुतान्यातल्या रयतेला चौथाईचा आणि खंडणीचा झेंडा म्हणून दिसत होता. एकाच रंगाचे हे दोन अर्थ एकाच वेळी खरे होते. मराठी इतिहासलेखनाने पहिला अर्थ जितक्या आस्थेने जपला, तितक्या आस्थेने दुसऱ्याचा विचार केला नाही.

जरीपटक्याचा शेवट पुण्याजवळ झाला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत तो मोरोपंत दीक्षितांकडे होता. फोर्ड या इंग्रज अधिकाऱ्याशी त्यांचा स्नेह होता, आणि फोर्डच्याच पलटणीच्या तोफेच्या गोळ्याने ते पडले, हे ग्रँट डफने नोंदवून ठेवले आहे. १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला. तो बाळाजीपंत नातूंनी चढवला, ही गोष्ट महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या धगधगती ठेवली. एका माणसाने निशाण सावरीत मित्राच्या तोफेपुढे मरण पत्करले, दुसऱ्याचे नाव परक्या निशाणाच्या दोरीशी कायमचे बांधले गेले. १८१८ साली जयपूरनेही कंपनीशी तह केला. बगरूत जे एकमेकांसमोर उभे होते, ते काही महिन्यांच्या अंतराने एकाच झेंड्याखाली आले.

यानंतरच्या शतकात कोणत्याही राजाने न दिलेला झेंडा हातात घेण्याची वेळ आली. या टप्प्यावर जयपूर आणि महाराष्ट्र यांना जोडणारे नाव जमनालाल बजाज यांचे आहे. त्यांचा जन्म १८८९मध्ये जयपूर संस्थानातील सीकर ठिकाण्याच्या एका खेड्यात झाला, आणि दत्तक जाऊन ते वर्ध्याचे झाले. १९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह उभा राहिला. प्रश्न साधा होता : चरख्याचा तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वस्तीतून, मिरवणूक जाऊ द्यायची की नाही. रोज नव्या तुकड्या निघत आणि रोज त्यांना अटक होई. बजाज यांना शिक्षा झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली, आणि ऑगस्टमध्ये मिरवणूक त्या रस्त्याने पार पडली. देशाच्या अनेक भागांतून आलेली माणसे एका कापडासाठी तुरुंगात गेली, आणि त्यामुळेच ते कापड देशाचे झाले. त्याआधी त्याच्या रंगांना अर्थ दिलेला होता. आता त्याला किंमत मोजलेली होती.

तो अर्थच पुढे अडचणीचा ठरला. १९२१च्या झेंड्यातील लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतरांचा, असे सांगितले गेले होते. मग शिखांनी आपल्या रंगाची मागणी केली, आणि ती न्याय्यच होती. रंग जर जमातींचे, तर झेंडा पट्ट्यापट्ट्यांनी वाढतच जाणार. १९३१ साली कराची काँग्रेसनंतर सात जणांची समिती नेमली गेली. पटेल, नेहरू, आझाद, तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या, ना. सु. हर्डीकर आणि काका कालेलकर तिचे सदस्य होते. समितीने सबंध केसरी रंगाचा, चरखा असलेला झेंडा सुचवला. मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने ती सूचना स्वीकारली नाही. तिने केशरी, पांढरा आणि हिरवा असा तिरंगा मान्य केला आणि या रंगांना जातीय अर्थ नाही असे ठरावानेच जाहीर केले. केशरी धैर्य व त्यागाचा, पांढरा सत्य व शांततेचा, हिरवा श्रद्धा व शौर्याचा ठरला. रंगाचा एक अर्थ ठरावाने काढून दुसरा घालता येतो का, अशी शंका घेता येईल. पण पचरंग्याचा आणि भगव्याचा अर्थ तरी कोठून आला होता? तोही कोणी तरी सांगितला आणि इतरांनी मानला, म्हणूनच टिकला. फरक एवढाच की, या वेळी अर्थ कथेतून न येता चर्चेतून आला, आणि बदलणाऱ्यांनी तो उघडपणे बदलला.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला. नेहरूंनी मांडलेल्या ठरावात वरच्या पट्ट्याला गडद केसरी असे म्हटले होते. त्या दिवशीच्या भाषणात सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी त्याच पट्ट्याचा उल्लेख भगवा म्हणून केला, आणि तो निःस्वार्थ विरक्तीचा निदर्शक आहे असे सांगितले. पांढऱ्याला त्यांनी प्रकाशाशी आणि सत्याच्या मार्गाशी, हिरव्याला मातीशी आणि तिच्यातून उगवणाऱ्या वनस्पतींशी जोडले. एकाच पट्ट्याची ही दोन नावे एकाच सभागृहात, एकाच दिवशी उच्चारली गेली. केसरिया आणि भगवा यांत एरवी जे अंतर होते, मरण पत्करणाऱ्या वीराचे आणि सर्व सोडणाऱ्या संन्याशाचे, ते त्या पट्ट्यात फारसा गाजावाजा न होता मिटले.

जमनालाल बजाज हा दिवस पाहू शकले नाहीत. १९४२मध्ये त्यांचे निधन झाले होते. ते जयपूर राज्य प्रजामंडळाचे अध्यक्ष असताना, १९३८च्या अखेरीस, त्यांच्याच जन्मभूमीच्या दरबाराने त्यांना राज्यात प्रवेश करण्यास बंदी केली होती. ती मोडल्याबद्दल १९३९मध्ये त्यांनी जयपूर राज्यात कैद भोगली. नागपुरात त्यांना अटक करणारी सत्ता युनियन जॅकची होती, जयपुरात पचरंग्याची. आपला म्हणून जो ध्वज लहानपणापासून पाहिला, त्याच्याशीही प्रजेच्या हक्कासाठी भांडावे लागते, हा धडा झेंडा सत्याग्रहाहूनही कठीण होता.

३० मार्च १९४९ रोजी जयपूरच्या राजवाड्यात बृहद्राजस्थानचे उद्घाटन झाले, ते सरदार पटेलांच्या हस्ते. नागपूरची मिरवणूक सव्वीस वर्षांपूर्वी ज्यांनी सिव्हिल लाइन्समधून पार नेली, तेच पचरंग्याच्या राजधानीत संस्थाने विलीन करण्यासाठी आले होते. महाराजा मानसिंह (दुसरे) राजप्रमुख झाले. पचरंगा राज्याचा ध्वज उरला नाही. तो घराण्याचा ध्वज झाला, आणि त्याच्यासाठी मरण्याची किंवा मारण्याची जबाबदारी कोणावरही राहिली नाही.

मानसरोवरहून निघालेल्या गाडीच्या वाटेवर सिव्हिल लाइन्स नावाचे एक स्थानक लागते. नागपूरच्या त्या वस्तीशी त्याचा संबंध फक्त नावाचा; पण हे नाव इंग्रजी अमलाने गावोगावी एकाच हेतूने दिले होते. पुढे चांदपोल, छोटी चौपड आणि बडी चौपड. ज्या शहरात १७५१च्या त्या दुपारी परक्या बोलीचा माणूस दरवाजातून बाहेर पडू शकला नाही, तेथे आज कोणत्याही बोलीचा माणूस तिकीट काढून उतरतो आणि बाजार पाहून संध्याकाळी परत जातो. भिंतींना तोच गेरू लावलेला असतो. युवराजासाठी तो लावला गेला, हे त्याला कोणी सांगितले तर कळते. न सांगितले तरी त्याचे काही अडत नाही.